सायकलीचा वाच्यार्थ

राजकीय पुरुषांच्या भाषणांची आणि जाहीरनाम्यांची समीक्षा वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर करावी की नाही, याविषयी मतभेद होणे शक्य आहे. परंतु ज्या शब्दांनी लोकमत वळविले जाते, ज्या प्रतिमा गावोगावच्या भिंतींवर रंगविल्या जातात आणि ज्या रूपकांच्या बळावर मंत्रिमंडळे येतात व जातात, त्यांचा अर्थ लावण्याचे काम समीक्षकाने टाळले, तर ते दुसरा कोणी करील असे दिसत नाही. एखादी कविता फसली तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. तीपासून कोणास इजा होत नाही. राजकीय रूपकाची गोष्ट निराळी आहे. ते फसवे निघाले तर त्याची किंमत ते योजणारास क्वचितच द्यावी लागते; ती भलत्याच माणसाकडून वसूल होते. प्रस्तुत लेखात अशा एका रूपकाचा विचार करावयाचा आहे. ते रूपक म्हणजे सायकल.

आपल्या देशाच्या राजकारणात सायकलीस जो मान मिळाला आहे तो दुसऱ्या वाहनाच्या वाट्यास क्वचितच आला असेल. उत्तर प्रदेशात एका मोठ्या पक्षाचे आणि आंध्र प्रदेशात दुसऱ्याचे ती निवडणूक-चिन्ह आहे. बिहार, बंगाल, तामिळनाडू अशा अनेक राज्यांत ती सरकारी खर्चाने शाळकरी मुलामुलींच्या हाती आली आहे. मंत्री तिच्यावर बसून आरोग्याचा उपदेश करतात आणि विरोधी पक्षांचे पुढारी तिच्यावरच बसून महागाईचा निषेध करतात. हा सन्मान पाहून एखाद्या परदेशी अभ्यासकाची अशी समजूत व्हावी की, या देशातील रस्ते प्रामुख्याने सायकलस्वारांचा विचार करूनच आखले जात असतील. पण मोठ्या शहरातील एखाद्या उड्डाणपुलाच्या तोंडाशी, तांबड्या वर्तुळात तिरपी रेघ मारलेले सायकलीचे चित्र त्याच्या दृष्टीस पडले म्हणजे त्याचा गोंधळ उडाल्यावाचून राहणार नाही. जी वस्तू भिंतीवर पूज्य, तीच पुलावर निषिद्ध कशी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपले जुने साहित्यशास्त्र उपयोगी पडेल असे मला वाटते. अभिधा, लक्षणा व व्यंजना अशा शब्दाच्या तीन शक्ती शास्त्रकारांनी मानल्या आहेत हे वाचकांस ठाऊक आहेच. यांपैकी लक्षणा केव्हा प्रवृत्त होते, याविषयी त्यांचा नियम स्पष्ट आहे: प्रथम मुख्यार्थास बाध आला पाहिजे. 'गंगेवर गवळीवाडा' हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. प्रवाहावर वस्ती असणे शक्य नाही. सबब गंगा या शब्दाने गंगेचा काठ समजावा लागतो, आणि त्यातून शीतलता व पावित्र्य सूचित होते. आमच्या राजकीय पुरुषांनी सायकल या शब्दाची नेमकी हीच व्यवस्था लाविली आहे. त्यांच्या तोंडी सायकल म्हणजे दारिद्र्य, साधेपणा, प्रगती, स्त्रीशिक्षण, आरोग्य, पर्यावरण, निषेध, यांपैकी काहीही असू शकते. दोन चाकांचे, पायांनी चालविण्याचे आणि रस्त्यावर दीड-दोन हात रुंदीची निर्वेध जागा मागणारे एक वाहन, हा जो तिचा वाच्यार्थ, तेवढा मात्र त्यांच्या भाषेतून गळालेला आहे. मुख्यार्थास रस्त्यावर बाध आला आहे म्हणूनच व्यासपीठावर लक्षणेचा एवढा सुकाळ आहे, असे माझे म्हणणे आहे. ते आता क्रमाने तपासून पाहू.

प्रथम चिन्हाचा विचार करू. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बहुसंख्य मतदारांस अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पक्षांस चित्रे द्यावी लागली, आणि ती परिचित वस्तूंची असावीत हे ओघानेच आले. तेलुगु देसम पक्ष १९८२ साली व समाजवादी पक्ष १९९२ साली स्थापन झाला, आणि दोघांनीही सायकलीचा आश्रय केला. यात गैर काहीच नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांच्या घरी सायकल होती. मोटार पाच टक्क्यांच्या घरीही नव्हती. जी वस्तू इतक्या घरांतून आहे ती मतपत्रिकेवर असणे योग्यच म्हटले पाहिजे. परंतु वस्तू एकदा चिन्ह झाली की तिला मालक मिळतो. समाजवादी पक्षात पितापुत्रांचा कलह होऊन सायकल कोणाची, हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला, आणि जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने ती अखिलेश यादव यांच्या पक्षगटास दिली. सायकलीच्या हक्काविषयीचा हा बहुधा आपल्याकडील सर्वांत गाजलेला निवाडा असेल; त्यात सायकलस्वाराचा मात्र कोठे संबंध आला नाही.

याच अखिलेश यादव यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, म्हणजे २०१२ ते २०१७ या वर्षांत, लखनौ, नोएडा इत्यादी शहरांतून सायकलमार्ग बांधले गेले, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये इटावा ते आग्रा असा २०७ किलोमीटर लांबीचा सायकलमार्ग समारंभपूर्वक खुला झाला. एवढा खर्च व एवढी जागा सायकलीसाठी काढणे हे आपल्याकडे अपूर्व होते, आणि त्याचे श्रेय त्या सरकारास दिलेच पाहिजे. परंतु निवडणूक अवघ्या काही महिन्यांवर आली असता, पक्षाचे चिन्ह आणि सरकारचे बांधकाम ही दोन्ही एकच झाल्यामुळे, त्या मार्गांकडे रस्ता म्हणून न पाहता डांबरात कोरलेली जाहिरात म्हणून पाहणे प्रतिपक्षास सोपे गेले. २०१७ साली सरकार बदलले. नव्या राजवटीत हे मार्ग रहदारीस अडथळा करतात, सबब काढून टाकावे, अशी भाषा सुरू झाली व काही ठिकाणी ते उखडलेही गेले. त्या मार्गांत दोष नव्हते असे नाही. ते जागोजागी तुटलेले होते. त्यांवर मोटारी उभ्या राहात व हातगाड्या लागत. पण मोटारीच्या रस्त्यास खड्डे पडले म्हणून कोणी तो रस्ता नाहीसा करीत नाही, खड्डे बुजवितात. सायकलीच्या वाटेस हा न्याय मिळाला नाही, कारण ती वाट कोणाची आहे हे आधीच ठरलेले होते. २०१२ च्या निवडणुकीपूर्वी आयोगाच्या आज्ञेने लखनौ व नोएडा येथील हत्तींचे पुतळे कापडाने झाकावे लागले होते, कारण हत्ती हेही एका पक्षाचे चिन्ह आहे. हत्ती दगडाचे होते. निवडणूक होताच कापड निघाले. सायकलीची जी वाट गेली ती मात्र हाडामांसाच्या माणसांची होती.

चिन्हानंतर दानाकडे वळू. येथे टीकाकाराने जपून लिहिले पाहिजे, कारण सायकलीच्या दानाने जे कार्य झाले आहे ते थोर आहे. बिहारात २००६ साली नितीशकुमार यांच्या सरकारने नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींस सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ केला. या योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला असून तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. योजनेमुळे माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली आहे. ही वाढ मुख्यतः ज्या गावांपासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटर वा अधिक दूर होती, त्या गावांत झाली. म्हणजे मुलगी शाळेस गेली ती सायकल या प्रतीकामुळे गेली नाही. तीन किलोमीटर अंतर कापणाऱ्या दोन चाकांमुळे गेली. येथे सायकल वाच्यार्थाने काम करीत होती. तिच्याजवळ वाट होती, आणि वाटेवर तिला कोणी हटकीत नव्हते. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ नंतरच्या साक्षरता-मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, तीही याच जातीची घटना होती. अक्षर आणि चाक ही दोन्ही त्यांच्या हाती एकाच वेळी आली.

आता ज्या राज्यात दान व दंड यांचे दर्शन एकत्र घडते तेथे जाऊ. पश्चिम बंगालात २०१५ साली 'सबूज साथी' या नावाची योजना सुरू झाली. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांस सरकार सायकली देते. आजवर दिलेल्या सायकलींची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे, आणि या योजनेचा आंतरराष्ट्रीय गौरवही झाला आहे. त्याच राज्याची राजधानी कलकत्ता. तेथे काही रस्त्यांवर सायकलीस बंदी डाव्या आघाडीच्या राजवटीतच, २००८ च्या सुमारास, आली होती. पुढे सत्ताबदल झाला, आणि २०१३ साली पोलिसांनी ही बंदी १७४ रस्त्यांपर्यंत वाढविली. शहरात ओरड झाली, मोर्चे निघाले. मग ही संख्या घटून ६२ वर आली. २०२० साली साथीच्या दिवसांत बसगाड्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा त्याच सायकलीस काही रस्त्यांवर तात्पुरती परवानगी देण्यात आली. ज्या पक्षांमध्ये दुसऱ्या कोणत्याही गोष्टीवर एकमत होणे अशक्य, त्यांचे सायकलस्वारास दूर ठेवण्याबाबत कसे जुळले, हे पाहण्यासारखे आहे.

बंदीचे जे समर्थन केले गेले त्यातही तथ्यांश आहे, आणि तो मांडणे हे माझे कर्तव्य आहे. कलकत्त्यात रस्त्यांसाठी असलेली जागा शहराच्या क्षेत्रफळाच्या मानाने फारच थोडी, सहा टक्क्यांच्या आसपास, असे सांगितले जाते. अरुंद रस्त्यावर बस, मोटार, ट्राम व सायकल एकत्र आल्या की वेग मंदावतो आणि अपघातांचा संभव वाढतो. पोलिसांवर दोन्हींची जबाबदारी असते. हे सर्व कबूल केले तरी एक प्रश्न उरतोच. जागा थोडी असेल तर ती कमी जागा व्यापणाऱ्यास आधी द्यावी, की अधिक जागा व्यापणाऱ्यास? एका मोटारीच्या जागेत किती सायकली मावतील, हे गणित शाळकरी मुलासही येईल. पण जागेच्या अडचणीची शिक्षा, जो ती अडचण सर्वांत कमी करतो, त्यास झाली. आणि अपघाताच्या भीतीने, ज्यास मार बसतो, त्यास हद्दपार व्हावे लागले. हा माणूस कोण होता? पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा, दुधाच्या बरण्या लटकावून जाणारा, नळ व विजेची दुरुस्ती करणारा, दुकानातील सामान पोचविणारा. शास्त्रकारांच्या उदाहरणातील गवळीवाडा गंगेच्या काठी होता. कलकत्ताही तिच्याच एका शाखेच्या काठी आहे. मात्र तेथील गवळ्यास मुख्य रस्त्यावरून दूध नेताना दंडाची भीती बाळगावी लागली.

दान देणारा हात आणि दंड घेणारा हात एकाच शासनाचा असावा, ही विसंगती नजरचुकीची आहे असे मानण्यास मी तयार नाही. तिच्यामागे एक सुसंगत दृष्टी आहे. दान देताना देणारा दिसतो. त्याचे नाव व चित्र त्या वस्तूवर व मंडपाच्या कमानीवर असते, आणि घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे अशी अपेक्षा असते. रस्त्यावरील जागेचे तसे नाही. ती मिळाली की उद्घाटनाची फीत कापण्यापलीकडे कोणाचे दर्शन होत नाही, आणि ती वापरणारा रोज सकाळी कोणाचेही आभार न मानता निघून जातो. दानाने आश्रित निर्माण होतो, जागेने नागरिक. राजकीय पुरुषास सायकल देणे सोपे आणि वाट देणे कठीण का जाते, याचे मूळ येथे आहे. शिवाय दानाच्या सायकलीविषयी एक अलिखित समजूत अशी असते की, ती पहिली पायरी आहे. मुलगी शिकेल, नोकरीस लागेल आणि स्कूटर घेईल. मुलगा मोटार घेईल. सायकल ही पुढे सोडून देण्यासाठीच दिलेली असल्यामुळे, वयाच्या चाळिसाव्या वर्षी जो अजून सायकलीवर आहे तो शासनाच्या दृष्टीने प्रगतीच्या चित्रातील डाग ठरतो.

तिसरा प्रकार देखाव्याचा. ३ ऑगस्ट १९२१ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या ३ ऑगस्ट २०२१ या दिवशी राहुल गांधी व विरोधी पक्षांचे अनेक सदस्य दिल्लीत सायकलीवरून संसदेस गेले. इंधनाच्या दरवाढीचा निषेध करणे हा त्यांचा हेतू होता. हेतूविषयी मला काही म्हणावयाचे नाही. पण त्या दृश्याचा व्यंग्यार्थ तपासला पाहिजे. 'पाहा, या सरकारने आमच्यावर सायकलीने येण्याची पाळी आणली,' असा त्याचा आशय होतो. म्हणजे सायकल ही दुर्दशेची खूण ठरते. त्याच सकाळी त्याच शहरात जे हजारो लोक, दर स्वस्त असोत वा महाग, सायकलीनेच कामास निघाले होते, ते या चित्रात कोठे बसतात? त्यांची रोजची अवस्था हाच इतरांच्या निषेधाचा वेष झाला. सत्तापक्षाकडे वळावे तर तेथे दुसराच वेष दिसतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी दर रविवारी सायकल चालविण्याची मोहीम सुरू केली. ते स्वतः सायकलीने संसदेस जाणारे गृहस्थ आहेत, तेव्हा त्यांच्या आवडीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. व्यायाम चांगला व मोहीमही चांगली. मात्र मोहिमेच्या नावातील रविवार हा शब्द अर्थपूर्ण आहे. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. त्या वेळी सायकलस्वारास कोणाची जागा मागावी लागत नाही. प्रश्न सोमवारचा आहे. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलीने जातात असे आढळले होते. ते रविवारसाठी सायकल चालवीत नाहीत, आणि त्यांस व्यायामाची उणीव नाही.

चिन्ह, दान व देखावा यांत सायकल कोठे हरवते हे पाहिले. आता ज्या गोष्टीस राजकीय पुरुष बगल देतात त्या जागेच्या प्रश्नाकडे आले पाहिजे. रस्त्यावर सायकलीचा हक्क काय, हा वाद जुना आहे, आणि तो प्रथम इंग्लंडात कायद्याच्या भाषेत मांडला गेला. १८७९ साली तेथील न्यायालयाने एका खटल्यात सायकल ही कायद्याच्या अर्थाने गाडी आहे असा निर्णय दिला. निर्णयाचे निमित्त मोठे गमतीचे आहे. बेफाम सायकल हाकणाऱ्यास शिक्षा करावयाची होती, आणि ती गाडी ठरल्याखेरीज शिक्षा होईना. पुढे १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यात पार्लमेंटाने हाच अर्थ नमूद केला. अशा रीतीने सायकल दंडाच्या दरवाजाने कायद्यात शिरली. पण एकदा शिरल्यावर रस्ता तिचाही झाला. म्हणून १९३४ च्या डिसेंबरात वाहतूकमंत्री हॉर-बेलिशा यांनी लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर सायकलींसाठी स्वतंत्र वाट उघडली, तेव्हा तेथील सायकलस्वारांच्या जुन्या संघाने तिचे स्वागत करण्याऐवजी तिला विरोध केला. आज वाट देत आहेत, उद्या मुख्य रस्ता बंद करतील, ही त्यांची धास्ती होती. मला वाटते, त्यांचा तर्क अर्धा बरोबर होता. दिलेली वाट ही हक्काची पूर्तता आहे की हकालपट्टीची सभ्य रीत आहे, हे वाटेच्या रुंदीवरून आणि ती कोठे नेऊन सोडते यावरून ठरते.

आपल्याकडे हा वाद नीट झालाच नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा नावाप्रमाणेच मोटारींचा आहे. सायकल त्याच्या व्याख्येत येत नाही. त्याखालील १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत मोटारचालकाने सायकलमार्गावर गाडी घालू नये असे सांगितले होते. पण जेथे असा मार्गच नाही तेथे तो नियम कोणाचे रक्षण करणार? २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांचा विचार करून वाटावी असे तत्त्व स्वीकारले गेले, आणि २०२० साली केंद्र सरकारने शहरांमध्ये सायकलीसाठी स्पर्धाही लाविली. कलकत्त्यातील १७४ रस्त्यांची बंदी या धोरणानंतर सात वर्षांनी आली, एवढे सांगितले म्हणजे धोरणाचे वजन कळेल. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक होते. ज्या वाहनाने दुसऱ्याचा जीव जाणे जवळजवळ अशक्य, त्यावर बसलेल्या माणसांची ही संख्या आहे.

राजकीय पुरुषांची दृष्टी बदलू शकते काय? बदलते, आणि ती कशाने बदलते याचे उदाहरण हॉलंडात आहे. आज तो देश सायकलींचे माहेरघर मानला जातो, आणि तेथे माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. परंतु हे त्या लोकांच्या रक्तातच आहे असे समजणे चूक होय. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींचा सुळसुळाट झाला, वस्त्या पाडून रस्ते रुंद झाले आणि सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ या एका वर्षी त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप उठले. 'बालहत्या थांबवा' असे उघडे-नागडे नाव घेऊन त्यांनी संघटना उभारली, आणि रस्ते अडविले. १९७३ च्या नोव्हेंबरापासून तेलाच्या टंचाईमुळे काही रविवारी मोटारी बंद राहिल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. या दोन गोष्टींच्या दाबाखाली तेथील मंत्र्यांची व नगरपालिकांची भाषा हळूहळू बदलली. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, त्या चळवळीच्या नावात अलंकार नव्हता. आरोग्य नाही, निसर्ग नाही, प्रगती नाही; मुले मरतात, ती वाचवा, एवढेच. अभिधेने बोलणाऱ्यांपुढे लक्षणेने बोलणारांस गप्प बसावे लागले.

आता ज्या शहराविषयी मराठी वाचकांस विशेष आस्था असेल त्या पुण्याकडे वळून हा लेख आटोपतो घेतो. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी, परीक्षेस जाणाऱ्या मुली आणि कारखान्याच्या भोंग्याबरोबर निघणारा कामगार, हे सारे एकाच वाहनावर असत. तो काळ आता स्मरणरंजनाचा विषय झाला आहे, आणि त्या स्मरणरंजनात आपले पुढारीही मोठ्या आवडीने भाग घेतात. २००६ च्या अखेरीस सातारा रस्ता व सोलापूर रस्ता येथे बसगाड्यांसाठी राखीव मार्ग आले, त्यांच्याबरोबर सायकलमार्गही आले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने सायकलींचा सर्वंकष आराखडा संमत केला, आणि त्याच सुमारास भाड्याच्या सायकली वाजतगाजत रस्त्यावर उतरल्या. पुढे त्या सायकली बहुतांशी दिसेनाशा झाल्या. मार्गांवर विजेचे खांब, उभ्या केलेल्या गाड्या, खोदकामाचे ढिगारे यांनी वस्ती केली. आराखडा चांगला आहे. तो वाचताना मन प्रसन्न होते. पण तो वाचून चौकात उभे राहिले म्हणजे, कागदावरील सायकल व रस्त्यावरील सायकल यांची कधी भेट झाली असेल असे वाटत नाही.

यास पुढाऱ्यांइतकेच आपण सुशिक्षित कुटुंबेही कारण आहोत, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. दुचाकी हा शब्द पाहा. मराठीत तो मूळचा सायकलीचा. आज वर्तमानपत्रात 'दुचाकीस्वार' असे वाचले की कोणाच्याही डोळ्यांपुढे सायकल येत नाही. पेट्रोलवर चालणारे वाहन येते. सायकलीचे नाव दुसऱ्याने घेतले आणि आपण ते निमूटपणे दिले. रस्त्यावरही तसेच घडले. आपण पांढरपेशांनी सायकल सोडली तेव्हा ती श्रमिकांच्याच हाती राहिली, आणि ती त्यांचीच राहिल्यावर तिच्या जागेविषयी बोलणारा आवाज सभागृहात राहिला नाही. सभेत प्रश्न विचारणारा, वर्तमानपत्रास पत्र लिहिणारा, नगरसेवकाच्या घरी जाऊन तक्रार करणारा जो वर्ग, तो मोटारीत जाऊन बसला. त्याची तक्रार आता गाडी लावण्यास जागा नाही, ही आहे. राजकीय पुरुष तीच ऐकतो. कारण दुसरी त्याच्या कानावर पडत नाही. शनिवार-रविवारी महागड्या सायकली घेऊन घाटात जाणारे आपले तरुणही वाटेविषयी बोलतात ते व्यायामाच्या भाषेत. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोऱ्याची वाट आणि आपली वाट एकच आहे, हे त्यांस अजून उमगलेले दिसत नाही.

पुढाऱ्यांनी सायकलीवर बसू नये किंवा मुलींस सायकली देऊ नयेत, असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. बसावे, अवश्य द्याव्यात. परंतु यापुढे कोणी सायकलीचे गुणगान करू लागला तर श्रोत्यांनी त्यास एक साधा प्रश्न विचारावा: आपल्या अधिकारातील कोणत्या रस्त्यावर, किती हात रुंदीची, कोठून कोठपर्यंत अखंड जाणारी जागा आपण सायकलस्वारास दिली, आणि ती अडविणाऱ्यास काय केले? उत्तर आकड्यांत यावे. उपमेत आले तर ते उत्तर नव्हे. हा प्रश्न विचारणे फारसे कठीण नाही. पण तो विचारणारांमध्ये, ज्यांना स्वतःला त्या जागेची गरज उरलेली नाही, अशी माणसेही असली पाहिजेत. कारण ज्यास गरज आहे तो त्या वेळी सभेस आलेला नसतो. तो रस्त्याच्या अगदी कडेने, मागून येणाऱ्या गाडीच्या आवाजाकडे कान देत, कामावरून घरी परतत असतो.